विल्बरी बंधूंची संगत

पांच उत्तम खेळाडू एकत्र आणिले म्हणजे उत्तम संघ झालाच, असें पुष्कळांस वाटतें. परंतु ज्यांनीं संघ बांधण्याचा प्रयत्न केला आहे त्यांस ठाऊक असतें कीं, हें गणित इतकें सरळ नाहीं. प्रत्येकास पहिल्यानें फलंदाजीस जावयाचें असलें म्हणजे खेळ बाजूस राहतो व भांडण मात्र रंगतें. संगीताच्या प्रांतांतही हाच अनुभव येतो. स्वतःच्या बळावर नांवलौकिक मिळविलेले कलावंत एकत्र येऊन जो वाद्यवृंद काढितात, त्यास पाश्चात्य रॉक संगीतांत ‘सुपरग्रुप’ असें म्हणतात. असे वृंद अनेक निघाले, व त्यांतील पुष्कळ अल्पायुषी ठरले. आज आम्ही वाचकांपुढें अशाच एका वृंदाची हकीकत ठेवणार आहों. त्याचें नांव ‘ट्रॅव्हलिंग विल्बरीज’, म्हणजे फिरस्ते विल्बरी. थोर माणसें एकत्र कशीं नांदतात, हा ह्या लेखाचा खरा विषय आहे; आणि तो केवळ गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांपुरता नाहीं, हें वाचकांच्या लक्षांत येईलच.

प्रथम रॉक संगीताविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. हें संगीत विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत उदयास आलें. तेथील कृष्णवर्णीयांचें ‘ब्लूज’ व खेड्यापाड्यांतील गोऱ्या लोकांचें ‘कंट्री’ ह्या दोन प्रवाहांचा त्यांत संगम झालेला आहे. विजेवर चालणारी गिटार, खर्जाचे स्वर देणारी बास गिटार, ड्रम आणि गळा, इतकी सामग्री असली कीं वृंद उभा राहतो. बहुधा वृंदांतील मंडळी आपलीं गाणीं आपणच रचितात. त्यामुळें गाणें कोणाचें, मुख्य स्वर कोणाचा, नांव कोणाचें पुढें, हे प्रश्न तेथें नित्य उपस्थित होतात, आणि भांडणाचें मूळ बहुधा तेथेंच असतें.

ह्याचें ठळक उदाहरण म्हणजे ‘क्रीम’ हा वृंद. १९६६ सालीं लंडन शहरांत एरिक क्लॅप्टन, जॅक ब्रूस व जिंजर बेकर ह्या तिघांनीं तो स्थापिला. क्लॅप्टन गिटारमध्यें, ब्रूस बास गिटार व गायन ह्यांत, आणि बेकर ड्रममध्यें अव्वल समजले जात. क्रीम म्हणजे साय. आपण तत्कालीन वादकांची साय आहों, असा त्या नांवाचा भाव होता, आणि तो खोटाही नव्हता. त्यांचें वादन असामान्य होतें, व त्यांच्या तबकड्या आजही आदरानें ऐकिल्या जातात. परंतु ब्रूस व बेकर ह्यांचें वैर जुनें होतें. ते पूर्वी एका वृंदांत असतांनाच तें जडलें होतें. प्रत्येक जण आपलें वाद्य अधिकाधिक मोठ्यानें वाजवूं लागला. क्लॅप्टन ह्यांनीं पुढें सांगितलें आहे कीं, एकदां भर कार्यक्रमांत ते वाजवितां वाजवितां थांबले, आणि उरलेल्या दोघांच्या तें लक्षांतही आलें नाहीं! ता. २६ नोव्हेंबर १९६८ रोजीं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें निरोपाचे कार्यक्रम करून हे तिघे वेगळे झाले. अवघ्या अडीच वर्षांच्या आंत हा संसार मोडला. पुढें २००५ सालीं त्याच सभागृहांत ते पुनः एकत्र वाजवावयास बसले खरे, पण मधल्या काळांत एक पिढी लोटली होती.

आतां विल्बरी मंडळींकडे वळूं. ह्या वृंदांत पांच असामी होते, आणि त्यांतील एकही लहान नव्हता.

पहिले जॉर्ज हॅरिसन. इंग्लंडमधील लिव्हरपूल येथें १९४३ सालीं जन्मलेले हे गृहस्थ जगद्विख्यात ‘बीटल्स’ वृंदाचे गिटारवादक. आपल्या देशाशीं त्यांचा निकटचा संबंध होता. १९६६ सालीं, कीर्तीच्या शिखरावर असतांना, ते भारतांत आले व पंडित रविशंकर ह्यांजपाशीं सतारीचे धडे घेऊं लागले. भारतांतील ह्या शिक्षणाचा आरंभ मुंबईंतच झाला. १९६८ च्या जानेवारींत त्यांनीं मुंबईच्या एच. एम. व्ही. कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत आपल्याकडील वादकांची साथ घेऊन एका चित्रपटाचें संगीत मुद्रित केलें. पुढें ता. १ ऑगस्ट १९७१ रोजीं बांगलादेशाच्या निर्वासितांच्या साहाय्यार्थ न्यूयॉर्क येथें जो प्रसिद्ध जलसा झाला, तो रविशंकरांच्या सूचनेवरून हॅरिसन ह्यांनींच घडवून आणिला. ज्यास सारें जग उस्ताद म्हणत होतें, त्यानें जमिनीवर बसून शागीर्द होण्यांत कमीपणा मानिला नाहीं, ही गोष्ट पुढील हकीकत समजण्यास उपयोगी पडेल.

दुसरे बॉब डिलन. हे अमेरिकेंतील कवि-गायक. ह्यांसच पुढें २०१६ सालीं साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळालें. वर सांगितलेल्या न्यूयॉर्कच्या जलशांत तेही गाइले होते. तिसरे जेफ लिन. हे इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे. ‘इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा’ ह्या वृंदाचे ते सूत्रधार होते, आणि गाण्याचें ध्वनिमुद्रण कसें बसवावें ह्या विद्येंत त्यांचा हातखंडा होता. चौथे फ्लॉरिडा प्रांतांतील टॉम पेटी. हे सर्वांत धाकटे; आपल्या ‘हार्टब्रेकर्स’ वृंदासह त्यांनीं १९८६-८७ सालीं डिलन ह्यांच्याबरोबर दौरा केला होता.

पांचवे रॉय ऑर्बिसन. १९३६ सालीं टेक्सस प्रांतांत जन्मलेले हे वयानें सर्वांत वडील. काळा चष्मा लावून, जागच्या जागीं निश्चल उभे राहून ते गात. आणि त्यांचा आवाज मात्र तारसप्तकांत सहज चढत जाई. १९६३ सालीं ब्रिटनच्या दौऱ्यांत बीटल्स मंडळी त्यांच्याबरोबर होती. त्या वेळीं हॅरिसन अवघे वीस वर्षांचे होते. पुढें ऑर्बिसन ह्यांच्यावर मोठे आघात झाले. १९६६ सालीं त्यांची पत्नी मोटारसायकलच्या अपघातांत गेली. १९६८ सालीं ते परदेशीं असतांना घरास आग लागली व त्यांचे दोन मुलगे त्यांत दगावले. लोकांची आवडही तोंवर पालटली होती. गाणें त्यांनीं सोडिलें नाहीं. पण पहिला बहर ओसरला तो ओसरलाच. १९८० नंतर मात्र त्यांच्या जुन्या गाण्यांकडे लोकांचें लक्ष पुनः वळूं लागलें, आणि जेफ लिन त्यांच्या नव्या गाण्यांच्या कामास लागले होते.

हे पांच जण एकत्र आले ते कोणत्याही मसलतीनें नव्हे. १९८८ च्या एप्रिल महिन्यांत हॅरिसन अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथें होते. त्यांच्या एका गाण्याची तबकडी युरोपांत निघावयाची होती, व तिच्या दुसऱ्या बाजूस घालण्यास आणखी एक गाणें हवें होतें. दुसऱ्या बाजूचें गाणें म्हणजे भरतीचा माल. त्याकडे कोणी फारसें पाहत नाहीं. हॅरिसन हे लिन व ऑर्बिसन ह्यांच्यासह जेवावयास बसले असतां ही गोष्ट निघाली, तेव्हां ऑर्बिसन ह्यांनीं आपणही येतों असें सांगितलें. आयत्या वेळीं ध्वनिमुद्रणगृह कोठें मिळणार? म्हणून डिलन ह्यांस विचारण्यांत आलें. त्यांच्या मॅलिबू येथील घरीं मोटारीच्या गॅरेजमध्यें तशी सोय होती. हॅरिसन ह्यांची एक गिटार पेटी ह्यांच्या घरीं राहिली होती. ती आणावयास ते गेले, तों पेटीही बरोबर निघाले. अशा रीतीनें पांचांची गांठ पडली.

गाण्याची चाल तयार झाली, पण शब्द अपुरे होते. गॅरेजमध्यें एक खोकें पडलें होतें. त्यावर ‘हँडल विथ केअर’, म्हणजे जपून हाताळा, अशी चिठ्ठी चिकटविलेली होती. हॅरिसन ह्यांची दृष्टि तिच्यावर गेली, आणि तेंच गाण्याचें नांव झालें! गाणें कंपनीच्या चालकांनीं ऐकिलें, तेव्हां तें तबकडीच्या मागच्या बाजूस दडवून टाकण्यासारखें नाहीं, असा त्यांनीं अभिप्राय दिला. मग असें एकच गाणें घेऊन करावयाचें काय? हॅरिसन ह्यांनीं ठरविलें कीं, आणखी नऊ गाणीं करून पूर्ण संग्रहच काढावा. ऑर्बिसन ह्यांचा ॲनाहाईम गांवीं कार्यक्रम होता. तेथें जाऊन मंडळींनीं त्यांस वृंदांत येण्याची विनंती केली, व ती त्यांनीं आनंदानें मान्य केली.

डिलन ह्यांचा दौरा जूनच्या आरंभीं सुरू होणार होता, म्हणून मे महिन्यांतील सुमारें दहा दिवस काय ते हातीं होते. लॉस एंजेलिस येथें डेव्ह स्टुअर्ट ह्या संगीतकारांच्या घरीं मंडळी जमली. पांचही जण गिटारी घेऊन एकत्र बसत, चाल बसवीत, व मागाहून तिला शब्द जुळवीत. गिटारींचें ध्वनिमुद्रण चक्क स्वयंपाकघरांत झालें. ड्रम वाजविण्यास जिम केल्टनर होते. न्यूयॉर्कच्या जलशांतही त्यांनींच साथ केली होती. एका गाण्यांत तर त्यांनीं तेथील रेफ्रिजरेटरवरच काड्या वाजविल्या, व तो नाद तबकडींत तसाच ठेवण्यांत आला. पुढें इंग्लंडमध्यें हॅरिसन ह्यांच्या घरीं उरलेलें काम करण्यांत आलें, व ता. १८ ऑक्टोबर १९८८ रोजीं ‘ट्रॅव्हलिंग विल्बरीज, खंड १’ हा दहा गाण्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला.

येथें वाचकांनीं दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावें, अशी आमची विनंती आहे.

पहिली गोष्ट नांवांची. संग्रहावर हॅरिसन, डिलन इत्यादि नांवें वृंदाच्या मंडळींत छापिलेलीं नव्हतीं. ‘विल्बरी’ हा हॅरिसन व लिन ह्यांच्यामधील एक थट्टेचा शब्द होता. ध्वनिमुद्रणांत कांहीं बारीक चूक राहिली कीं ती पुढें इतर आवाजांच्या मिश्रणांत पुरून टाकूं, असें ते इंग्रजींत म्हणत. तें वाक्य भरभर उच्चारलें कीं विल्बरी असें ऐकूं येई. हे पांच जण एका काल्पनिक विल्बरी नामक बापाचे पुत्र, अशी गंमतीची वंशावळ रचण्यांत आली. हॅरिसन झाले नेल्सन, लिन झाले ओटिस, डिलन झाले लकी, ऑर्बिसन झाले लेफ्टी, व पेटी झाले चार्ली टी. ज्युनियर. गाणीं कोणा एकाच्या नांवावर नव्हे, तर सर्व विल्बरींच्या नांवावर दिलेलीं होतीं. ही नुसती थट्टा नव्हती. ज्या नांवांसाठीं क्रीममध्यें व इतर कित्येक वृंदांत झगडे झाले, तीं नांवेंच ह्यांनीं दाराबाहेर जोड्यांसारखीं काढून ठेविलीं होतीं.

दुसरी गोष्ट कामाच्या वांटणीची. मुख्य स्वर कोणाचा असावा ह्याचा निर्णय मानमरातबावर होत नसे. पेटी ह्यांनीं पुढें सांगितल्याप्रमाणें, एकच ओळ निरनिराळ्यांकडून गाववून घेऊन, जो आवाज तीस साजेल त्याकडे ती सोंपविण्यांत येई. ‘हँडल विथ केअर’ हेंच गाणें पाहा. कडवीं हॅरिसन म्हणतात. चाल जेथें उंच चढते तो भाग ऑर्बिसन ह्यांचा. आणि मग डिलन व पेटी एकत्र गातात. लिन ह्यांचा आवाज मागून आधार देतो, व शेवटीं डिलन ह्यांचा माउथऑर्गन ऐकूं येतो. आपल्याकडील भजनांत बुवा कडवें म्हणतात व टाळकरी ध्रुपद उचलतात, तसाच हा प्रकार. भेद इतकाच कीं येथें पांचही जण बुवा होते व पांचही जण टाळकरी होते. पौल प्रेषितानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांतील देह व अवयव ह्यांचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. त्याचा अर्थ समजावयास ह्याहून सोपें उदाहरण क्वचित् मिळेल.

संग्रह लोकांस अतिशय आवडला. अमेरिकेंतील विक्रीच्या यादींत तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला, व पुढें १९९० सालीं त्यास ग्रॅमी पारितोषिक मिळालें. ऑर्बिसन ह्यांच्या जीवनांत तर पुनः वसंत आला. मुलांच्या वयाचे श्रोते त्यांचा आवाज प्रथमच ऐकत होते. परंतु हा आनंद फार दिवस टिकावयाचा नव्हता. संग्रह निघून सात आठवडे झाले होते, ता. ६ डिसेंबर १९८८ रोजीं हृदयविकारानें त्यांचें निधन झालें. त्यांचें वय ५२ वर्षांचें होतें.

त्याच सुमारास वृंदाच्या ‘एंड ऑफ द लाइन’ ह्या गाण्याचें चित्रण करावयाचें होतें. गाण्यांत ऑर्बिसन ह्यांचा स्वर तर होता, पण स्वरांचा धनी नव्हता. उरलेल्या चौघांनीं काय करावें? ती ओळ गाळितां आली असती, किंवा पडद्यावर दुसरें कांहीं दाखवून वेळ निभावून नेतां आली असती. त्यांनीं तसें केलें नाहीं. आगगाडीच्या डब्यांत चौघे बसून गात आहेत; ऑर्बिसन ह्यांची ओळ आली कीं चौघे गप्प होतात, आणि एक रिकामी झुलती खुर्ची दिसते. तिजवर त्यांची गिटार ठेविलेली आहे, व जवळच त्यांची तसबीर आहे. आमच्या मतें ह्या वृंदाच्या चरित्रांत ह्याहून मोठा प्रसंग नाहीं. क्रीममध्यें एक जण जिवंतपणीं थांबला, तरी दोघांस पत्ता लागला नाहीं. येथें एक जण कायमचा थांबला, तर चौघांनीं आपला आवाज आवरून त्याची जागा राखिली. संगत कशास म्हणावें हें ह्या दोन प्रसंगांच्या तुलनेंत सर्व आलें.

१९९० सालीं चौघे पुनः एकत्र आले. ऑर्बिसन ह्यांच्या जागीं त्यांनीं नवा माणूस घेतला नाहीं. दुसऱ्या संग्रहास त्यांनीं थट्टेनें ‘खंड ३’ असें नांव दिलें. खंड २ कधीं निघालाच नाहीं! तो लेफ्टी विल्बरी ह्यांस, अर्थात् ऑर्बिसन ह्यांस, अर्पण केलेला आहे. त्याच वर्षीं त्यांनीं रोमानियांतील अनाथ बालकांच्या साहाय्यार्थ एक जुनें गाणें मुद्रित करून दिलें. ह्या निधीच्या कामांत हॅरिसन ह्यांच्या पत्नी ऑलिव्हिया ह्यांचा पुढाकार होता. निःपक्षपातीपणें सांगावयाचें तर दुसरा संग्रह पहिल्याइतका सरस उतरला नाहीं. पहिल्यांत जें सहज घडलें होतें तें दुसऱ्यांत जुळवून आणावें लागलें, असें ऐकणाऱ्यास वाटतें; आणि तो उंच चढणारा पांचवा स्वर तर नव्हताच. त्यानंतर वृंदानें नवीन काम केलें नाहीं. त्यांचा सार्वजनिक जलसाही कधीं झाला नाहीं. भांडण नाहीं, कोर्टकज्जा नाहीं. जो तो आपापल्या कामास गेला.

हॅरिसन ता. २९ नोव्हेंबर २००१ रोजीं निवर्तले. बरोबर एक वर्षानें लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें त्यांच्या स्मरणार्थ जलसा झाला. त्या वेळीं पेटी व लिन ह्यांनीं हॅरिसन ह्यांचे चिरंजीव धनी ह्यांस मध्यें घेऊन ‘हँडल विथ केअर’ गाइलें. कित्येक वर्षें दुर्मीळ झालेले दोन्ही संग्रह २००७ सालीं पुनः प्रसिद्ध झाले, तेव्हां ब्रिटनमध्यें विक्रींत त्यांस पहिला क्रमांक मिळाला. २०१७ सालीं पेटीही गेले.

ह्या हकीकतीवरून कोणी असें म्हणेल कीं, विल्बरी मंडळींची परीक्षा झालीच कोठें? दहा दिवस एका घरांत हंसतखेळत राहणें निराळें, आणि क्रीमप्रमाणें वर्षानुवर्षें गांवोगांव हिंडणें निराळें. हा आक्षेप अगदींच निराधार नाहीं. कोणाचें पोट ह्या वृंदावर अवलंबून नव्हतें. प्रत्येकाचा आपला धंदा बाहेर चालूच होता. शिवाय बहुतेकांचा स्नेह आधींचा होता, आणि लिन ह्यांच्यासारखा पांचही आवाजांची नस ओळखणारा जाणता कारागीर घरांतच होता. हीं अनुकूल कारणें मान्य केलींच पाहिजेत. तथापि अनुकूलता पुष्कळांस लाभते. तिचें सोनें करणारे थोडे. ज्याच्या एका ओळीसाठीं लोक ताटकळत बसत, त्या डिलन ह्यांनीं दुसऱ्याच्या गाण्यांत मागें उभें राहून साथ करावी. आणि ज्या ऑर्बिसन ह्यांस लोक विसरत चालले होते, त्यांच्यासाठीं चौघांनीं सर्वांत उंच जागा मोकळी करावी, हें अनुकूलतेनें होत नाहीं. त्यास मनाची तयारी लागते.

आमच्या विद्यार्थ्यांस ह्यापुढें स्नेहसंमेलनाचें नाटक, क्रिकेटचा संघ, प्रार्थनेची गायनमंडळी, आणि शाळेबाहेर पडल्यावर कचेरी व संसार, अशा अनेक ठिकाणीं चौघांत वागावें लागेल. तेथें आपण किती मोठ्यानें वाजवितों ह्याचा हिशेब जो तो ठेवितोच. शेजारचा मध्येंच गप्प झाला तर तें आपल्या ध्यानांत येतें काय, हेंही अधूनमधून पाहावें.

पालकांस शेवटीं एक सुचवावेंसें वाटतें. घरीं सोय असेल तर ‘हँडल विथ केअर’ हें गाणें मुलांबरोबर बसून दोनदां ऐकावें. पहिल्या वेळीं निरनिराळे आवाज ओळखण्याचा प्रयत्न करावा. दुसऱ्या वेळीं, एक जण गात असतां बाकीचे कोठें कोठें थांबले आहेत, तें मोजावें. दुसरा अभ्यास पहिल्याहून कठीण आहे. पण गाणें खरोखर कसें उभें राहिलें आहे, तें त्यानेंच कळेल.